पाच रेघांच्या कागदावरची चिठ्ठी

२ सप्टेंबर, सोमवार

मला विचारलंय! मला!

सकाळी दुकान उघडलं, पहिल्या मशीनचा पट्टा काढते न काढते तोच पाळकसाहेब दारात उभे. गळ्याला मफलर, हातात पाटी. त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालंय आणि डॉक्टरांनी सहा आठवडे तोंडातून शब्द काढायचा नाही असं बजावलंय. आयुष्यभर बोलण्यात गेलेल्या माणसाची ही गत. पाटीवर लिहिलं होतं, ‘६ ऑक्टोबर, रविवार. उपदेश तुम्ही करायचा.’

मी म्हटलं, “साहेब, भूल उतरली नाही वाटतं अजून.”

त्यांनी ओल्या फडक्याने पाटी पुसली आणि लिहिलं, ‘पूर्ण शुद्धीवर आहे.’

बाकीचे रविवार पलीकडच्या मंडळीचे पाळक निभावून नेणार आहेत. सहा तारखेला मात्र ते फक्त प्रभुभोजनापुरते, म्हणजे भाकर मोडून वाटण्यापुरते, धावत येतील. मग उपदेश कोण करणार? तर मी! मी कमिटीवर आहे ती खुर्च्या आणि पंखे फुकट दुरुस्त करून देते म्हणून. विषय विचारला तर त्यांनी खडू माझ्याकडेच रोखला. म्हणजे तोही माझाच.

ताईला सांगायला जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढले. वय त्रेपन्न! ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. शाळेत संगीत शिकवायची. निवृत्त झाली तरी चर्चमधला ऑर्गन अजून तीच वाजवते. खाली माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या, आणि राहणाऱ्या आम्ही दोघी. ती भाजी निवडत बसली होती. म्हणाली, “तू बोलायला लागलीस की तुला थांबवणार कोण?” पण हसली. खूश झाली असावी.

तर म्हणून ही वही. सुचेल ते लिहून ठेवायचं, म्हणजे ऐनवेळी त-त-प-प नको.

५ सप्टेंबर, गुरुवार

विषय सापडला, आणि तोही गिऱ्हाइकाकडून!

पलीकडच्या गल्लीतली शिवणकामवाली मशीन घेऊन आली. टाके सुटतात म्हणे. मी शटल काढून बघत होते आणि ती शेजारणीच्या कागाळ्या सांगत होती. मध्येच मला म्हणाली, “तुमचा देव सगळंच माफ करतो ना हो? मग लोक नीट वागतील कशाला?”

माझा स्क्रू-ड्रायव्हर हातातच राहिला. खरंच की! सगळंच माफ करतो का? काही उरत असेल की नाही? जन्मापासून चर्चमध्ये जाते, पण हा प्रश्न असा सरळ कधी समोर उभा राहिला नव्हता. देवाच्या क्षमेला हद्द असते का? ठरलं! हाच विषय.

सुई उलटी बसवली होती बाईने. म्हणून टाके सुटत होते.

८ सप्टेंबर, रविवार

उपासना संपल्यावर मास्तरांना विषय सांगितला. मास्तर म्हणजे आमच्या कमिटीचे प्रमुख. चाळीस वर्षं गणित शिकवलंय, त्यामुळे स्वर्गातसुद्धा पायऱ्या मांडून उत्तर लागतं अशी त्यांची खात्री आहे. प्रभुभोजनाचं भाकरीचं ताट बाकाबाकावरून तेच फिरवतात.

“हद्द असते,” मास्तर लगेच म्हणाले. “प्रभूने स्वतः सांगितलंय. पवित्र आत्म्याची निंदा. बाकी सगळ्याला क्षमा आहे, त्याला नाही.”

“म्हणजे माणसाने नेमकं काय केलं की ती निंदा होते?”

“त्यावर मोठमोठ्यांचं एकमत नाही.”

“अहो मास्तर, ज्याला क्षमा नाही असं एकच पाप, आणि ते कोणतं तेच धड माहीत नाही? चुकून आपल्या हातून होऊन गेलं तर?”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला इतका आनंद झाला की काय सांगू. गणिताच्या मास्तरांना येत नाही ते गणित मला मिळालंय.

परत येताना डोक्यात दिवा पेटला. बॉबिन ठेवायचा माझा पत्र्याचा डबा रिकामा करून दाराशी ठेवायचा. वर लिहायचं, ‘देव कशाची क्षमा करणार नाही असं तुम्हाला वाटतं? नाव घालू नका.’

ताईला मात्र ते आवडलं नाही. “लोकांच्या जखमा उघडून बघायची हौस कशाला?”

“हौस नाही गं, तयारी.”

“बरं,” म्हणाली आणि नुसतीच खिडकीबाहेर बघत राहिली. ताई हल्ली थकलेली दिसते. गुडघे असतील.

१५ सप्टेंबर, रविवार

चौतीस चिठ्ठ्या! मंडळीत माणसं साठ, त्यात पाळण्यातली सात!

मी आणि मास्तरांनी मागच्या खोलीत डबा उपडा केला. पहिलीच चिठ्ठी: ‘प्रार्थनेच्या वेळी मी डोळे उघडे ठेवून किती जण झोपलेत ते मोजते.’ दुसरी: ‘पंख्याखालच्या जागेसाठी मी दर रविवारी खोटा खोकतो.’ मास्तरांनी ती मोठ्याने वाचली आणि स्वतःच खोकले! हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग हसू ओसरत गेलं. ‘बापाच्या मातीला मुद्दाम गेलो नाही.’ ‘मी देवाला शिवी दिली. मनापासून दिली. मूल गेलं त्या दिवशी.’ ‘नवऱ्याला सोडलं, आणि सुखी आहे.’ मी माणसांना इतकी वर्षं ओळखते, त्यांच्या मशीनची नस न् नस मला ठाऊक आहे, आणि कोणती चिठ्ठी कोणाची ते एकीचंही सांगता येईना.

आणि मग ती चिठ्ठी. इथे उतरवून ठेवते.

‘मरणाऱ्या बाईने धाकट्या मुलीला बोलावून घे म्हणून सांगितलं. मी कळवलं नाही. कळवलं, पण ती येत नाही म्हणते, असं बाईला खोटं सांगितलं. बाई वाट बघून गेली. मुलीला अजून माहीत नाही.’

अंगावर काटा आला. सगळी अक्षरं सुटी सुटी, छापल्यासारखी, म्हणजे ओळखू नये म्हणून काढलेली. कागद पाच-पाच रेघांचा, ताईच्या स्वरलिपीच्या वहीतला. ती वही ऑर्गनवर पडलेलीच असते, कोणीही पान फाडावं. ताईला सांगितलं पाहिजे, वही उघड्यावर टाकू नकोस म्हणून.

हाच माझ्या उपदेशाचा गाभा! याहून अवघड प्रश्न काय असणार? जिचा अपराध केला ती बाई तर गेली. आता क्षमा मागायची कोणाकडे?

आमच्या आईचं बरं झालं म्हणायचं. मी तेव्हा दूरच्या गावी कारखान्यात मशीनची जोडणी शिकत होते. ‘मुलीच्या जातीने तेलात हात घालायचे नाहीत’ यावरून आमचं वाजलं होतं आणि चौदा महिने बोलणं नव्हतं. ताईचा फोन आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. रात्री झोपली ती सकाळी उठलीच नाही, असं ताईने सांगितलं. त्यामुळे निरोपबिरोप काही भानगडच नाही. कधी कधी वाटतं, असता एखादा तर. असो. एकोणीस वर्षं झाली.

निघताना मास्तर म्हणाले, “सगळेच काही आपल्याला क्षमा झाली असं धरून चालत नाहीत. तुमच्या ताई बघा. इतक्या वर्षांत त्यांनी भाकर घेतलेली मी पाहिली नाही. ताट नेलं की मानेनेच ‘पुढे’ म्हणतात.”

“अहो, दोन्ही हात पट्ट्यांवर, दोन्ही पाय भात्यावर. भाकर काय नाकाने घेणार?”

मास्तर हसले नाहीत. “वाजवून झाल्यावरही नेत असे मी. सुरुवातीची काही वर्षं,” म्हणाले.

मास्तरांना विनोद कळत नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

पाळकसाहेबांकडे तासभर. मी बोलतेय आणि ते पाटीवर लिहितायत. जगात यापेक्षा चांगली चर्चा नाही, मध्ये तोडणारं कोणी नाही!

मी विचारलं, “आपल्या हातून ते अक्षम्य पाप झालंय अशी कोणाला भीती वाटत असेल तर?”

त्यांनी लिहिलं, ‘भीती वाटते ना? मग झालेलं नाही. ज्याच्या हातून ते होतं त्याला पर्वाच उरत नाही.’

वा! मी उठून उभीच राहिले. केवढी सुटसुटीत गोष्ट! म्हणजे दार आतून बंद केलेलं असतं, बाहेरून देवाने नाही. (हे वाक्य माझं. उपदेशात घालायचं.)

त्यांना त्या चिठ्ठीबद्दलही सांगितलं. त्यांनी बराच वेळ खडू हातात फिरवला. शेवटी लिहिलं, ‘ती वाचून दाखवणार आहात?’

“म्हणजे काय! तिच्यासाठीच तर सगळं.”

‘घाई करू नका.’

आजारपणाने माणूस भित्रा होतो.

२४ सप्टेंबर, मंगळवार

उपदेश लिहून झाला! अकरा पानं! जेवणं झाल्यावर दुपारी ताईला खुर्चीत बसवलं आणि मी इस्त्रीच्या टेबलामागे उभी राहिले. घड्याळ लावलं. बावीस मिनिटं. मध्ये दोनदा पाणी.

त्या चिठ्ठीपाशी आले तेव्हा माझाच आवाज भरून आला. मी म्हटलं, “हे लिहिणाऱ्या बहिणी किंवा भावा, तू जो कोण असशील, ऐक! देवाने हेसुद्धा पुसून टाकलं आहे!” आणि हात असा वर केला. मला वाटलं ताई टाळी वाजवेल. ती आपल्या हातांकडे बघत होती.

“कसं झालं?”

“देव पुसेल,” ती म्हणाली. “ती मुलगी?”

“कोण मुलगी?”

“जिला निरोप मिळाला नाही, ती. तिला कळलं तर ती काय करेल?”

मी उत्साहात होते, हसले. म्हटलं, “माझ्या बाबतीत असं कोणी केलं असतं ना, तर आयुष्यात तोंड बघितलं नसतं त्या बाईचं! देवाचं देव बघून घेईल, मी काही देव नाही.”

ताईही हसली जराशी. म्हणाली, “खरं आहे.” मग उठून भांडी घासायला गेली. बावीस मिनिटांचं अठरा केलं पाहिजे. ती भांडी मी आधीच घासली होती. तिने परत घासली.

२८ सप्टेंबर, शनिवार

ताईने कमिटीला चिठ्ठी पाठवली की ऑर्गन आता दुसऱ्या कोणी शिकून घ्यावा. मला विचारलंसुद्धा नाही! मी म्हटलं गुडघ्यांचा त्रास असेल, म्हणून चर्चमध्ये जाऊन भात्याची पायाने दाबायची पायटी उघडली, तेल दिलं, चामड्याचा पट्टा बदलला. आता लोण्यासारखी चालतेय. घरी येऊन सांगितलं तर ताई म्हणाली, “तू प्रत्येक गोष्ट दुरुस्त करत सुटू नकोस गं.” आणि डोळे पुसले.

जेवतही नाही धड. डॉक्टरकडे नेलं पाहिजे. सहा तारीख झाली की लगेच.

१ ऑक्टोबर, मंगळवार

जसं झालं तसं लिहिते.

दुपारी बाराच्या सुमाराला ताई दुकानात आली. ती दुकानात येत नाही, तेलाच्या वासाने तिचं डोकं दुखतं. मी एक मशीन पूर्ण उघडून बसले होते. दाते, सुईदांडा, सगळं फडक्यावर मांडलेलं. ती उभीच राहिली. म्हणाली, “धाकटे, ती चिठ्ठी माझी आहे.”

मी म्हटलं, “कोणती?”

खरंच म्हटलं. मला कळलंच नाही. इतकी मी शहाणी.

“आई झोपेत नाही गेली. आठ दिवस अंथरुणावर होती. तिसऱ्या दिवसापासून तुला बोलव म्हणत होती. फोन शेजारच्या खोलीत होता. मी त्या खोलीत जायची, दार लावून पाच मिनिटं उभी राहायची आणि परत यायची. म्हणायची, ‘नाही येत म्हणाली.’ तीनदा सांगितलं असं तिला.”

मी विचारलं, “का?”

“चौदा महिने तिच्याजवळ मीच होते, आणि त्या आठ दिवसांत तिचं सगळं मी काढलं. उचलायची मी, पुसायची मी, भरवायची मी. आणि ती डोळे उघडले की विचारायची, धाकटी आली का? मला वाटलं, एकदा तरी... एकदा तरी माझ्याकडे बघून म्हणेल, तू आहेस ना, बास. मी त्याची वाट बघत राहिले. आणि ती गेली.”

माझ्या हातात स्क्रू होता. तो मी फडक्यावर ठेवला, जागेवर. मग म्हटलं, “वर जा.”

“काहीतरी बोल.”

“ताई, वर जा.”

ती गेली. मी ते मशीन जोडलं. सगळे भाग बसले, एकही उरला नाही. चालवून बघितलं. टाका सरळ पडत होता. मग शटर अर्धं ओढलं आणि काउंटरखाली बसून राहिले. आई गेली ती मी येत नाही असं समजून गेली. एकोणीस वर्षं मी या बाईच्या हातचा चहा पितेय.

३ ऑक्टोबर, गुरुवार

बोललेले नाही. ती वर, मी खाली. जिन्यात समोरासमोर आलो तेव्हा ती भिंतीला चिकटून उभी राहिली, मला वाट द्यायला. माझी ताई. ते बघून जास्तच संताप आला.

अकरा पानं फाडली.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

पाळकसाहेबांकडे गेले. दारातूनच म्हटलं, “मी रविवारी बोलणार नाही. दुसरं कोणी बघा.” त्यांनी खुर्ची पुढे केली. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ओरडून सांगितलं. त्यांची बायको आतून डोकावून गेली.

त्यांच्या चेहऱ्याकडे बघता बघता माझ्या लक्षात आलं. “तुम्हाला माहीत होतं?”

‘तिने मला कधी सांगितलं नाही,’ त्यांनी लिहिलं. ‘पण ताट पुढे जाताना मीही बघत होतो. चिठ्ठीचं तुम्ही सांगितलंत तेव्हा शंका आली.’

“मग मला एकच सांगा. देवाने तिला क्षमा केली का?”

‘हो.’

“मी केली नाही तरी?”

त्यांनी पाटी पुसली. खूप वेळ पुसत राहिले, स्वच्छ होती तरी. मग लिहिलं, ‘हो.’

माझं डोकंच फिरलं. “हा कुठला न्याय? अपराध माझा केला! माझ्या आईचा केला! आणि मिटवायचं देवाने, परस्पर? मला विचारायचं नाही? मी कोण मग, चौकातला खांब?”

ते लिहायला लागले, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. शेवटी पाटी माझ्याकडे वळवली. ‘हे मला चाळीस वर्षांत कोणी विचारलं नाही. रविवारी उभ्या राहून विचारा.’

“लोकांसमोर?”

‘लोकांसमोर. आणि त्याच्यासमोर.’

घरी येताना रस्ताभर मी देवाशी भांडत आले. मोठ्याने. एका माणसाने मला वाट दिली. आणि काय सांगू, तीन दिवसांनी पहिल्यांदा छाती मोकळी झाली! पाय भराभर पडत होते. बोलायचं! नक्की बोलायचं!

६ ऑक्टोबर, रविवार

आत्ताच घरी आलेय, घाईत लिहितेय, अक्षर कसंही येईल.

उपदेशाला उभं राहायचं पुलपीट पाळकसाहेबांच्या उंचीचं. मास्तरांनी पायाखाली लाकडी फळी दिली. वर चढले तर साठ माणसं आणि उजवीकडे ऑर्गन. ताई आली होती. तिची माझ्याकडे पाठ होती. माझ्या हातात कागद नव्हता.

मी म्हटलं, “तुम्ही मला चौतीस चिठ्ठ्या दिल्यात. मी अकरा पानं उत्तर लिहिलं होतं. ते फाडलं.”

कुणीतरी खोकलं. पंख्याखालचा.

मी म्हटलं, “एका चिठ्ठीत एका मुलीबद्दल लिहिलंय. तिच्या आईचा शेवटचा निरोप कुणीतरी तिच्यापर्यंत पोचू दिला नाही. उत्तर लिहिताना मी त्या मुलीचा विचारच केला नव्हता. देव आणि अपराधी, दोघांतच सगळं आटोपून टाकलं होतं. या आठवड्यात ती मुलगी मला भेटली. चिडलीय ती. अपराध करणाऱ्यावर आहेच, पण देवावरही आहे. म्हणते, तू मला न विचारता माफ कसं केलंस?”

मी घाबरले होते, पण थांबता येईना, मशीनचा पट्टा सुटावा तसं तोंड सुटलं होतं.

“मी तिला म्हटलं, बरं, मग तुझ्या मनासारखं होऊ दे. देवाने त्या बाईला बाहेर काढावं आणि दार लावून घ्यावं. चालेल तुला? तर ती गप्प बसली. खूप वेळ बसली. मग म्हणाली, नाही. मला तिच्यावर चिडायचंय, भरपूर चिडायचंय, अजून किती दिवस ते मला माहीत नाही. पण तिला बाहेर काढलेलं मला चालणार नाही. ती आत असू दे. आतच असू दे, म्हणजे मला तिच्याशी भांडता येईल.”

पाणी प्यायले.

“मास्तर म्हणतात हद्द असते. असेल. पाळकसाहेब म्हणतात भीती वाटते त्याने घाबरू नये. मी बाई मशीन दुरुस्त करणारी. मला एवढंच कळलं की देव कुठे थांबतो ते मला दिसलं नाही. मी कुठे थांबते ते दिसलं. त्या रेघेवर मी आत्ता उभी आहे. ढकलू नका. प्रार्थना करा.”

आणि खाली उतरले. फळीवरून पाय घसरला, मास्तरांनी धरलं. मास्तरांचे डोळे लाल होते!

मग प्रभुभोजन. पलीकडचे पाळक धापा टाकत आले होते, त्यांनी भाकर मोडली. ताई वाजवायला लागली. नेहमीसारखी, हळू, लांब. मास्तर ताट घेऊन पहिल्या बाकापाशी आले. आणि मी उठले. काही ठरवलं नव्हतं, शपथ. ऑर्गनपाशी गेले आणि म्हटलं, “ऊठ.”

तिने वर बघितलं. “गाणं?”

“राहू दे गाणं.”

“मला नाही जमणार, धाकटे.”

“माझं मिटलेलं नाही, ताई. ते आपण घरी बघू. पण माझ्या नावाखाली तू इथे बसून राहू नकोस. ऊठ.”

तिने हात उचलले. ऑर्गन बंद पडला. सगळ्यांनी डोळे उघडले. ताई उठली, ऑर्गनला धरून चार पावलं चालली, आणि मास्तर ताट घेऊन तिच्याकडे अक्षरशः धावले. तिने भाकरीचा तुकडा उचलला. कितीतरी वेळ नुसता तळहातावर धरला. मग खाल्ला.

ताट माझ्यापुढेही आलं. मी ऑर्गनच्या बाकावर बसले होते. भावाबहिणीशी वाकडं असेल तर आधी ते मिटवून ये, मग वेदीपाशी ये, हे लहानपणापासून पाठ आहे. मी मानेनेच ‘पुढे’ म्हटलं. मास्तर एक क्षण थांबले आणि पुढे गेले.

मला वाईट नाही वाटलं. खोटं घेण्यापेक्षा बरं. पुढचं प्रभुभोजन तीन नोव्हेंबरला. तोवर बघू.

पाळकसाहेब शेवटच्या बाकावर होते. बाहेर पडताना त्यांनी पाटी दाखवली. अठरा मिनिटं, असं लिहिलं होतं!

१३ ऑक्टोबर, रविवार

आठवडाभर आम्ही भांडलो. हो, अगदी आवाज चढवून. ती म्हणाली, तू निघून गेलीस. मी म्हटलं, तू बोलावलं नाहीस. ती म्हणाली, तू चौदा महिन्यांत एक पत्र टाकलं नाहीस. हे खरं होतं. मी कप आपटला, तो फुटला. तिने दुसरा आणून समोर ठेवला, “हाही आपट,” म्हणाली. आम्ही दोघी हसायला लागलो आणि मग परत भांडलो.

आज उपासनेहून आल्यावर जिन्यातच तिला विचारलं. सहा दिवस ओठांवर होतं, धीर होत नव्हता.

“तिसऱ्यांदा जेव्हा तू सांगितलंस, ती येत नाही म्हणाली, तेव्हा आई काय बोलली?”

ताई पायरीवर बसली. मी खालच्या पायरीवर बसले.

“हसली,” ताई म्हणाली.

“खोटं नको सांगूस. आता नको.”

“खोटं नाही सांगत. हसली. दम लागत होता, तरी हसली. म्हणाली, ‘नाही येत? माझ्यावर गेलीय कार्टी. मीही आले नसते.’”

“असंच म्हणाली?”

“अस्संच. आणि वर म्हणाली, ‘बघ, मोठी कारागीर होईल ती.’ मला तेव्हा इतका राग आला होता तुझा. मरतानासुद्धा तुझंच कौतुक.”

मी जिन्याचा कठडा धरला. एकोणीस वर्षं मी समजत होते की आई काही न बोलता गेली. आणि गेले बारा दिवस समजत होते की ती माझ्या नावाने झुरत गेली. आणि ती हसत होती! मला कार्टी म्हणत होती!

“परत सांग,” मी म्हटलं.

ताईने परत सांगितलं. या वेळी आईच्या आवाजात, तसाच श्वास मध्येच तोडून, ‘कार्टी’वर तसाच जोर देऊन. नक्कल तिला पहिल्यापासून चांगली जमते. मी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि रडत रडत हसत सुटले. तिला तिसऱ्यांदा सांगायला लावलं, मग चौथ्यांदा. खालून कुणीतरी दुकानाचं शटर वाजवत होतं. वाजवू दे म्हटलं, आज रविवार आहे.